दोन तासांची दावत, पाच दिवसांची तयारी

चार वर्षांचं मूल दावतीत किती खातं, याचा हिशेब करून पाहिला की हसू येतं. एखादा समोसा, सँडविचचा एक तुकडा, केकवरचं क्रीम आणि दोन पेले सरबत. बाकीचा वेळ ते धावण्यात, रुसण्यात आणि दुसऱ्याच्या हातातला फुगा ओढण्यात घालवतं. तरीही आपल्या घरांत मुलांच्या वाढदिवसाचा स्वयंपाक होतो तो लग्नाच्या मापानं. सकाळपासून पातेली चढतात, दुपारी मसाल्याचा वास गल्लीभर पसरतो. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या मुलाची आई संध्याकाळभर कढईसमोर उभी असते.

आमच्या घरातल्या जुन्या फोटोंमध्ये माझे मिस्टर आहेत, नणंदा आहेत, शेजारपाजारची मुलं आहेत. सासूबाई एकाही फोटोत नाहीत. मी एकदा त्यांना विचारलं, "अम्मा, तुम्ही कुठे होता?" त्या सहज म्हणाल्या, "मी होते की. ते पोरगं पुरी खातंय ना हातात धरून, ती पुरी कोण तळत होतं?" त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

या जुलैत आमच्या धाकट्याला चार वर्षं पूर्ण झाली. वाढदिवस करावा की नाही, याबद्दल आपल्यात वेगवेगळी मतं आहेत, आणि आमच्या एकाच घरात ती सगळी सापडतात. सासरे म्हणाले, मेणबत्त्या आणि टाळ्या नकोत. मुलासाठी दुआ करा, चार मुलांना जेवू घाला, त्याला कोण नाही म्हणतं? कुवेतहून यांचा फोन आला, की पोरगा बालवाडीतल्या सगळ्यांकडे जाऊन आलाय, आता स्वतःची वाट बघतोय. शेवटी ठरलं ते असं, की मेणबत्ती नाही, सजावटीचा पसारा नाही. शनिवारी असर ते मगरिब या वेळात मुलांना बोलवायचं, सासरे दुआ करतील आणि मग खाणं. आम्ही शाफई, जुलैच्या अखेरीस आमच्याकडे चिपळूणला असर चारच्या सुमारास होते आणि मगरिब सातनंतर. म्हणजे साडेचार ते साडेसहा, असे दोन तास मिळतात. एवढ्या लहान मुलांना तेवढेच पुरतात. त्यानंतर ती झोपेला येतात किंवा भांडायला लागतात.

बोलावणं पाठवताना मी खाली एक ओळ घातली होती: "तुमच्या मुलाला काय चालत नाही, ते मोकळेपणानं कळवा." सोळा मुलं येणार होती. दोन घरांतून उत्तर आलं, की आमच्याकडे मांस-मच्छी आणि अंडंही चालत नाही. एकीनं लिहिलं, की सोबत दोन वर्षांची बहीण असेल. आणि एका आईचा मेसेज न येता फोनच आला. तिच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. ती म्हणाली, "तुम्ही त्रास घेऊ नका. मी त्याचा डबा घेऊनच येते. सगळीकडे तसंच करते. तो वेगळा बसून खातो, सवय आहे त्याला."

चार वर्षांच्या मुलाला वेगळं बसून खायची सवय आहे, हे ऐकून मी फोन ठेवल्यावरही थोडा वेळ तशीच बसून राहिले. मग मी ठरवलं, की मुलांचा दस्तरखान एकच असेल. त्यावर जे येईल ते सोळाच्या सोळा मुलांना खाता आलं पाहिजे. कुणाच्या ताटाकडे बघून "हे तुझं नाही" असं म्हणायची वेळ येऊ नये.

याचा अर्थ मुलांच्या दस्तरखानावर मांस नाही, अंडं नाही आणि शेंगदाणा नाही. घरात यावर दोन दिवस चर्चा झाली. नणंद फोनवर म्हणाली, "भाभी, आपल्याकडची दावत आणि त्यात बोटी नाही? लोक काय म्हणतील?" तिचंही चूक नव्हतं. आमच्या कोकणात पाहुण्यासमोर मांस-मच्छी ठेवणं हीच इज्जत. मला वाटलं होतं, सासूबाईही तेच म्हणतील. पण त्या म्हणाल्या, "पुरात मी काय शिजवलं होतं, ते आठव."

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरलं. आम्ही वरच्या मजल्यावर. खालची दोन कुटुंबं आमच्याकडे वर आली. वीज नव्हती, बाहेर जायची सोय नव्हती. सासूबाईंनी त्या दिवशी गॅसवर डाळ-भात लावला आणि त्यासाठी माळ्यावरचं एक कोरं पातेलं काढलं. खालच्या काकू शाकाहारी. त्यांनी काही विचारलं नव्हतं. "त्यांना मागावं लागू नये, म्हणून मीच काढलं," असं सासूबाई नंतर म्हणाल्या. त्या काकूंची नात आता आमच्या धाकट्याबरोबर बालवाडीत जाते आणि या सोळा मुलांत तीही होती. मग ठरलं, की मुलांचा दस्तरखान सगळ्यांसाठी एकसारखा, आणि मगरिबनंतर घरच्या माणसांसाठी शामी कबाब आणि पाव. नणंदेचंही समाधान झालं.

पदार्थ ठरवताना मी एकच कसोटी लावली. दावतीच्या दिवशी त्यावर काम किती शिल्लक राहतं? काही पदार्थ थांबायला राजी असतात, काही नसतात. सामिष कबाब, कच्चे समोसे, कोरडा केक, चटणी, सरबताचा पाक ही थांबणारी मंडळी. कापलेली काकडी, तळलेली भजी, क्रीम, शेवयांची खीर ही न थांबणारी. शेवया रात्रभर दूध पितात आणि सकाळी चमचा उभा राहतो. काकडी-टोमॅटोला पाणी सुटतं आणि पाव लिबलिबीत होतो. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी फ्रीजरमध्ये ठेवल्या, तर बाहेर काढल्यावर रवाळ आणि पाणचट लागतात. म्हणून न थांबणाऱ्या पदार्थांना मी यादीतूनच काढलं. एक सँडविच तेवढं ठेवलं.

मंगळवारी कबाब केले. अर्धा किलो खिमा, एक वाटी भिजवलेली चणाडाळ, कांदा, आलं-लसूण, दालचिनी, मसाला वेलची आणि बेताच्या सुक्या मिरच्या, हे सगळं थोड्याशा पाण्यात कुकरला शिजवलं. नंतर झाकण काढून पाणी पूर्ण आटवणं महत्त्वाचं, कारण ओलावा राहिला तर कबाब तेलात फुटतो. गार झाल्यावर वाटून त्यात पुदिना-कोथिंबीर मिसळली. पंचवीस-तीस छोट्या टिक्क्या झाल्या. त्या ताटात बटर पेपरवर एकमेकांना न चिकटतील अशा मांडून फ्रीजरमध्ये ठेवल्या आणि कडक झाल्यावर डब्यात भरल्या. आधीच डब्यात रचल्या, तर त्यांचा एक दगड होतो. अंड्यात बुडवायचं काम तळायच्या वेळी. असे कबाब महिनाभर छान राहतात. रमजानआधी आपल्यातल्या कितीतरी बायका हेच करतात. रमजानसाठी आपण जी शिस्त पाळतो, ती वाढदिवसाला का विसरतो, कोण जाणे.

बुधवारी मटाराचे पट्टी समोसे केले. मटार वाफवून, जाडसर वाटून, जिरं-आलं घालून कढईत कोरडे परतले. तिखट अगदी नावाला. सारण पूर्ण गार होऊ दिलं, कारण गरम सारणाची वाफ पट्टीला ओलं करते. मोठी मुलगी नऊ वर्षांची आहे. त्रिकोण दुमडून मैद्याच्या खळीनं चिकटवण्यात तिचा हात माझ्यापेक्षा साफ निघाला. साठ समोसे झाले. तेही तसेच ताटात गोठवून मग डब्यात भरले. हे समोसे तळताना वितळू द्यायचे नाहीत, फ्रीजरमधून थेट मध्यम तेलात सोडायचे. तेल कडकडीत असलं, तर वरून लाल होतात आणि आत गार राहतात.

गुरुवार मी मोकळा ठेवला होता, पण जुलैत आमच्याकडे पाऊस आणि वीज यांचं कधी पटत नाही. दुपारी लाइट गेली. यासाठी मी फ्रीजरमधल्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या होत्या. भरलेला फ्रीजर दार न उघडता साधारण ४८ तास थंड राहतो, अर्धा भरलेला २४ तास. खालचा फ्रीज मात्र चारच तास. म्हणजे दार न उघडणं हाच मोठा उपाय. आणखी एक सोपी युक्ती आहे. वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवायचं. वीज येऊन गेल्यावर नाणं वरच असलं, तर माल गोठलेलाच राहिला. नाणं तळाशी गेलं असलं, तर मध्ये सगळं वितळून पुन्हा गोठलं, तेव्हा मांस टाकून द्यावं. आमचं नाणं वरच होतं. अल्हम्दुलिल्लाह, लाइटही चार तासांच्या आत आली.

शुक्रवारी जुम्याच्या गडबडीनंतर केक आणि चायना ग्रास. केक रव्याचा, दही आणि सोडा घालून, अंड्याशिवाय. व्हॅनिला इसेन्समध्ये अल्कोहोल असतं का, यावर काही घरांत चर्चा होते. मी वेलची घातली, म्हणजे विषयच संपला. केक आदल्या दिवशी केलेलाच बरा, गार झाल्यावर गुंडाळून ठेवला, की दुसऱ्या दिवशी चुरा न होता कापला जातो.

चायना ग्रास तर आपल्या घरातली जुनीच वस्तू आहे. पण मुलांच्या पार्टीत हल्ली जेली आणि मार्शमेलो येतात, तेव्हा तिची किंमत कळते. त्या वस्तूंत बहुधा जिलेटिन असतं. जिलेटिन जनावराच्या कातडी-हाडांपासून निघतं, म्हणून ते हलाल आहे की नाही हा प्रश्न आपल्याला पडतो आणि शाकाहारी शेजाऱ्यांना तर ते चालतच नाही. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून बनतं, त्यामुळे दोन्ही घरांचा प्रश्न एकाच वाटीत सुटतो. लिटरभर दुधाला दहा ग्रॅम घेतलं. अर्धा तास भिजवून, पेलाभर पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळून, गाळून, गरम दुधातच मिसळलं. दूध गार असलं, तर गुठळ्या होतात. हे फ्रीजबाहेरही घट्ट होतं आणि उकाड्यात जिलेटिनसारखं वितळत नाही. फक्त फ्रीजरमध्ये ठेवू नये, पाणी सोडतं. काजू-पिस्ते वर घातले नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अख्खा दाणा अडकू शकतो, आणि सोबत दोन वर्षांची पाहुणीही येणार होती. याच कारणानं पॉपकॉर्न आणि कडक गोळ्याही यादीत नव्हत्या, आणि सफरचंद द्यायचं ते अगदी पातळ काप करून.

शेंगदाण्यासाठी वेगळी काळजी घेतली. या ॲलर्जीत कणभर अंशही पुरतो. म्हणून चटणी नवीन धुतलेल्या मिक्सरच्या भांड्यात वाटली, ज्यात शेंगदाण्याचा कूट केला जातो ते भांडं माळ्यावर गेलं. तेल सूर्यफुलाचं. मसाले, चीज, पाव, बिस्किटं, सगळ्या पाकिटांच्या मागे ॲलर्जीची सूचना वाचली आणि ती पाकिटं फेकली नाहीत, एका पिशवीत ठेवली. त्या मुलाची आई आली, की तिला दाखवता यावीत म्हणून.

शनिवारी सकाळी फक्त सँडविच. पावाला आधी लोणी, मग हिरवी चटणी, मग चीज. लोण्याच्या थरामुळे चटणीचा ओलावा पावात उतरत नाही. मुलीनं कडा कापल्या, छोटे त्रिकोण केले, आणि ओलसर फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवले. कोकमाचा पाक मेमध्येच करून काचेच्या बाटल्यांत भरलेला होता, त्यात फक्त पाणी घालायचं होतं. जुहरच्या नमाजनंतर मी चक्क अर्धा तास आडवी झाले. दावतीच्या दिवशी दुपारी झोपलेली सून आमच्या घरानं पहिल्यांदाच पाहिली असावी.

असरनंतर कढई ठेवली आणि पहिले तीस समोसे तळले. सगळे एकदम तळले नाहीत. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि फार उकाडा असेल, तर एकच तास, हा नियम मी पाळते. लहान मुलांचं पोट आपल्यापेक्षा लवकर बिघडतं. उरलेले तीस फ्रीजरमध्येच राहिले, लागले तर तळता येतील म्हणून.

साडेचारला मुलं आली. शेंगदाण्यावाल्या मुलाची आई खरोखर डबा घेऊन आली होती. मी तिला स्वयंपाकघरात नेलं, पाकिटांची पिशवी समोर ठेवली, मिक्सरचं भांडं दाखवलं. तिनं एकेक पाकीट उलटून वाचलं. मला त्याचा जराही राग आला नाही. तिच्या जागी मीही वाचलंच असतं. सगळं वाचून झाल्यावर तिनं डबा परत पिशवीत ठेवला. औषध मात्र पर्समध्ये जवळ ठेवलं, आणि ते योग्यच होतं.

सासऱ्यांनी दुआ केली. मुलांनी हॉलमध्ये दस्तरखानाभोवती गोल धरला. आमच्या मुलांनी बिस्मिल्लाह म्हटलं, काकूंची नात हात जोडून डोळे मिटून बसली, मग सगळ्यांनी एकदमच समोश्यावर हात टाकला. तो मुलगा मधोमध बसला होता. पहिला समोसा हातात घेऊन त्यानं आईकडे पाहिलं. तिनं मान हलवली. मग त्यानं असा घास घेतला, की शेजारच्यालाही हसू आलं. त्यानं तीन समोसे खाल्ले. त्याची आई माझ्या शेजारी जमिनीवर बसली होती. ती काही बोलली नाही, फक्त ओढणीच्या टोकानं डोळे पुसले आणि म्हणाली, "सरबत छान झालंय."

मी जमिनीवर बसले होते, हे मुद्दाम सांगते. फोन एका खुर्चीला टेकवून ठेवला होता, त्यात हे कुवेतहून बघत होते. माझ्या मांडीवर धाकटा येऊन बसला, उठला, पुन्हा बसला. केकचा तुकडा त्यानं आधी दादीला भरवला, मग मला. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि दर पाच मिनिटांनी उठायला बघत होत्या. "काही आणू का आतून?" मी म्हणायची, "अम्मा, आत काहीच राहिलं नाही." चौथ्यांदा त्या हसल्या आणि पाय पसरून बसल्या. मोठीनं तेव्हाच फोटो काढला.

पहिल्या तीस समोश्यांवरच काम भागत आलं, आणखी बारा तळावे लागले. अठरा कच्चेच राहिले. सगळे तळले असते, तर रात्री मऊ पडलेले अठरा समोसे कुणीतरी नाइलाजानं खाल्ले असते किंवा टाकले असते. इस्राफ टाळा, असं आपण मुलांना नेहमी सांगतो. स्वयंपाकघरात तो टाळायचा सोपा मार्ग हाच, की तयारी भरपूर करावी आणि तळावं मोजून. मगरिबनंतर कबाब तव्यावर आले, नणंदेनं पावासोबत चार खाल्ले आणि बोटीचा विषय काढला नाही.

त्यातले बारा समोसे दुसऱ्या दिवशी खालच्या काकूंकडे गेले, कच्चेच, डब्यात. त्यांनी त्यांच्या कढईत तळले आणि डबा परत पाठवताना त्यात अळूवड्या घातल्या. उरलेले सहा अजून फ्रीजरमध्ये आहेत. त्या मुलाच्या आईनं फोन करून समोश्याची कृती विचारली आहे, आणि पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस आहे, तेव्हा आम्हाला यायचं आहे. तिनंही बोलावण्याच्या खाली तीच ओळ लिहिली आहे: "तुमच्या मुलाला काय चालत नाही, ते मोकळेपणानं कळवा."